न वाळणारा संयम

नाव : वीरमाता सौ. दिपमाला निर्मलकुमार छाजेड. जन्मगाव : सावदा, तालुका रावेर. वास्तव्य : जळगाव. वय : छापण्याची पद्धत नाही. शिक्षण : बारावी, वाणिज्य. व्यवसाय : गृहिणी. ओळखीची खूण : स्मरणिकेतल्या रंगीत छायाचित्रात पतीच्या डाव्या हाताला उभ्या, डोळे मिटलेल्या. विशेष कार्य : आपली सुकन्या कुमारी चेलना हिला संयममार्गावर जाण्याची सहर्ष आज्ञा देऊन दोन्ही कुळांचा, गावाचा व जिल्ह्याचा उद्धार. सन्मान : शाल, श्रीफळ, मानचिन्ह व 'वीरमाता' ही पदवी. पदवी आजन्म चालते. नूतनीकरण लागत नाही.

हा परिचय मंडपात भाड्याच्या निवेदकाने खर्जातल्या आवाजात वाचला. त्यातलं सावदा आणि बारावी वाणिज्य बरोबर आहे. बाकीच्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

दिपमालाचे वडील सावद्याला केळीच्या व्यापारात. केळीचा धंदा असा, की घड हिरवा असतानाच उतरवायचा, ट्रकमध्ये रचायचा आणि पिकायचं काय ते त्याने वाटेत पिकायचं. दिपमालाचं लग्नही त्याच पद्धतीने एकोणिसाव्या वर्षी झालं. जळगावच्या डाळमिलवाल्या छाजेडांकडे ती आली आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं तिने घरात काय मत मांडलं, हे कुणाला आठवत नाही. सासू सूरजबाईंचा शब्द धर्माच्या बाबतीत शेवटचा, नवरा निर्मलकुमारचा धंद्याच्या बाबतीत. मध्ये भाजीची निवड उरत होती, पण तिथेही कांदा, बटाटा, लसूण, गाजर, मुळा हे सगळं आधीच बाद.

मुलं दोन. थोरला अनुज मिलमध्ये बापाच्या हाताखाली. धाकटी चेलना. ही पोरगी घराण्याच्या मानाने बरीच आवाजी होती. बी.कॉम.ला असताना स्कूटीवरून गावभर फिरायची, सूर्यास्तानंतर मैत्रीण आयुषीबरोबर आइस्क्रीम खाऊन, तोंड पुसून घरी यायची आणि आजीसमोर साळसूदपणे माळ ओढत बसायची. दिपमालाला सगळं ठाऊक होतं. ती चेलनाचा रुमाल गुपचूप धुऊन टाकायची. आई-मुलीत एवढं एकच गुपित होतं, पण ते दोघींनी जपलं होतं.

गेल्या चातुर्मासात साध्वींचा मुक्काम गावात होता. सूरजबाईंना स्कूटीवरून स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात त्या धर्मस्थानात, पोचवायचं काम चेलनाकडे आलं. आधी ती बाहेर थांबायची, मग दाराशी, मग आत. दिवाळीनंतर एक दिवस तिने जेवणाच्या ताटावर सांगितलं, "मला दीक्षा घ्यायचीय."

दीक्षा म्हणजे घर, नाव, केस, चप्पल आणि आईबाप एकाच दिवशी सोडायचे. पांढरी वस्त्रं, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, मरेपर्यंत अनवाणी पायी प्रवास. सूरजबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं. निर्मलकुमारच्याही आलं, ते कशाचं हे त्याने तपासलं नाही आणि लगेच संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. अनुज म्हणाला, "ही? ही तर पंधरा मिनिटं गप्प बसत नाही!" दिपमालाच्या हातात पोळी होती, ती तिने चेलनाच्या ताटात वाढली.

आता नियम असा, की आईवडिलांच्या आज्ञेशिवाय गुरुणी कुणालाच दीक्षा देत नाहीत. म्हणजे सगळा अधिकार दिपमालाकडे होता. पण ह्या अधिकाराच्या पोटातच दुसरा नियम बसलेला. दीक्षेच्या आड जो येतो, त्याला अंतराय लागतो. धर्माची वाट अडवल्याचं पाप, आणि ते जन्मोजन्मी फेडायचं. सूरजबाईंकडे याचे दाखलेही होते. पाचोऱ्याच्या कुणा बाईने सुनेला अडवलं, तिचं तोंड वाकडं झालं. शेंदुर्णीच्या एकाने मुलाला अडवलं, मुलगा वर्षाच्या आत कावीळ होऊन गेला. दिपमालाला स्वतःच्या तोंडाची काळजी नव्हती. कावीळ तिच्या डोक्यातून जाईना. तिने 'नको' म्हणावं आणि त्या 'नको'ने मुलीचंच काही व्हावं, हे भय एकदा बसलं ते बसलंच. रात्रंदिवस तिच्या मनात एकच वाक्य होतं आणि ते एकच वाक्य तिला बोलता येत नव्हतं.

फेब्रुवारीत निर्मलकुमार व्यापारी मंडळाबरोबर युरोपला जाऊन आला. सोबत मारवाडचे स्वयंपाकी होते, त्यामुळे युरोपाची चव काही त्याला कळली नाही. पण एका संग्रहालयात तो एका चित्रापुढे थांबला. कुठल्या देशातलं संग्रहालय, यावर सहप्रवाशांत अजून दुमत आहे. साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. मागे गच्च काळोख, डावीकडून कुठून तरी उजेडाची तिरीप, आणि त्या उजेडात पिवळ्या रेशमातली एक भरल्या अंगाची बाई एका चंबूतून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततेय. पायाशी घोड्याचा लगाम. गाइडने हिंदीत सांगितलं, "ये कोई रानी-वानी नहीं है जी, ये संयम है।"

त्या काळच्या युरोपात न्याय, धैर्य, दया, संयम हे सगळे सद्‌गुण बायकांच्या रूपात रंगवत आणि चित्राचे पैसे पुरुष देत. जळगावच्या माणसाला ही पद्धत समजायला काहीच जड गेलं नाही. निर्मलकुमारने फोटो काढला आणि घरी येऊन जाहीर केलं, की असंच चित्र हॉलमध्ये लावायचं, चेहरा फक्त चेलनाचा. आपल्यात दीक्षेलाच संयम म्हणतात. योग चांगला जुळलाय.

आणि इथे दिपमालाने आयुष्यातली पहिली चाल खेळली.

साध्वींच्या प्रमुख, ज्यांना सगळे महासतीजी म्हणत, त्या फिरत पुन्हा गावात आल्या होत्या आणि आज्ञेचं विचारायला बसल्या होत्या. बायका दाटीवाटीने भोवती. दिपमाला हात जोडून म्हणाली, "चित्र पुरं होऊ द्या, मग आज्ञा देते. मुलगी गेल्यावर तिचा चेहरा तरी घरात राहील." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. निर्मलकुमारची मान ताठ झाली. महासतीजी मात्र तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "बाई, मनात काही वेगळं असेल तर आत्ता बोल. मनाविरुद्धची आज्ञा आम्हाला चालत नाही."

म्हणजे दार सताड उघडं होतं. दिपमालाने मान खाली घातली आणि म्हणाली, "तहत्ति." आपण म्हणता तेच खरं, असा त्याचा अर्थ. कुठल्याही साध्वीपुढे ती लहानपणापासून दुसरं काही बोललीच नव्हती. फोन उचलल्यावर हॅलो निघावं तसा तो शब्द निघाला.

चित्रासाठी धुळ्याहून इसाक पेंटरला बोलावलं. इसाकने तरुणपणी ट्रकच्या पाठीवरच्या कमळांपासून टॉकीजच्या बोर्डापर्यंत सगळं केलेलं. अलीकडे तो गेलेल्या माणसांची तैलचित्रं करायचा, फोटोवरून. छाजेडांच्या मिलमध्ये दिपमालाच्या सासऱ्यांचं जे चित्र आहे, ते त्याचंच. जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढायची त्याची ही पहिलीच वेळ. गेलेली माणसं हलत नाहीत, ही त्याची आजवरची मोठी सोय होती.

पहिल्याच दिवशी सूरजबाईंनी त्याची तपासणी घेतली.

"हा ब्रश कशाचा?"

"नायलॉनचा, अक्का."

"केसांचा नाही ना? कसल्या कसल्या केसांचे असतात म्हणे."

"अक्का, ते ज्या जनावराचे असतात ना, त्याचा ब्रश असता तर मीच हातात धरला नसता."

"आणि तेल?"

"जवसाचं. आपल्या खान्देशातलंच."

सूरजबाईंचं समाधान झालं. दुसरी अडचण अनुजने आणली. त्याने मोबाइलवर चित्राची माहिती काढली होती. "पप्पा, त्या बाईच्या खालच्या भांड्यात दारू आहे. द्राक्षाची. त्यात ती पाणी घालतेय, कमी चढावी म्हणून. त्यालाच ते लोक संयम म्हणतात."

सूरजबाई म्हणाल्या, "पाणी घालून? मग आपला दूधवाला काय वाईट?"

निर्मलकुमारने चित्र रद्दच करायला घेतलं होतं. दिपमालाच्या तोंडचं पाणी पळालं. चित्र रद्द म्हणजे आज्ञा आजच. तेवढ्यात इसाक म्हणाला, "शेठ, दारू काढून टाकतो. वाफ दाखवतो. पाणी उकळलंय आणि ती गार करतेय. तुमच्याकडे रोज करतातच की."

खरंच करतात. व्रताला, उपासाला उकळलेलंच पाणी चालतं; ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतत गार करणारी बाई प्रत्येक जैन घरात सकाळी दिसते. युरोपाची संयमदेवी एका वाफेसरशी जळगावची झाली. निर्मलकुमार खूश झाला. "आणि लगाम?" सूरजबाईंनी विचारलं. "राहू द्या," निर्मलकुमार म्हणाला, "सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला वाटेल."

मागच्या खोलीत कूलर लावून कॅनव्हास उभा राहिला. इसाक आठवड्यातून तीनदा पहाटेच्या एसटीने यायचा आणि ऊन उतरल्यावर परत जायचा. दुसऱ्या खेपेला चहा द्यायच्या निमित्ताने दिपमाला खोलीत आली आणि दार लोटून म्हणाली, "इसाकभाई, हे चित्र पुरं व्हायला नको."

"काय झालं भाभी, आवडलं नाही?"

"आवडलं. पण आषाढात चातुर्मास लागेपर्यंत ओलं राहू द्या. चातुर्मास लागला की चार महिने दीक्षा होत नाही. तेवढ्यात पोरीचं मन फिरेल."

इसाकने चहाचा कप खाली ठेवला. "जळगावात? ऐन उन्हाळ्यात? भाभी, इथं माणूस ओला राहत नाही, रंग कुठून राहील?"

"काहीतरी उपाय असेल."

"आहे. लवंगेचं तेल घातलं की रंग हट्टी होतो, वाळत नाही. पण तुम्ही सरळ 'नको जाऊ' का नाही म्हणत?"

"अंतराय लागतो."

"म्हणजे काय?"

"धर्माच्या आड येण्याचं पाप."

"आणि हे मी जे करणार, ते?"

"तुम्हाला कसं लागेल? तुम्ही आमच्यातले नाही."

इसाकने पॅलेटवरचा वाळका रंग नखाने खरवडला. "उभ्या आयुष्यात," तो म्हणाला, "माझ्या मुसलमान असण्याचा कुणाला फायदा होतोय, हे पहिल्यांदा बघतोय. पण भाभी, आमच्याकडेही खांद्यावर दोन फरिश्ते बसलेत, सगळं टिपून घेणारे. त्यांना काय सांगू?"

"सांगा, हवा दमट होती."

"त्यांना जळगाव माहीत असेल हो."

तरी त्याने मान्य केलं. का केलं, हे त्याने घरी बायकोला, हुस्नबानोलाही नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की ती बाई रडली असती तर नाही म्हटलं असतं, पण ती रडत नव्हती, नुसती उभी होती.

पुढच्या खेपेपासून बंगल्यात लवंगेचा वास सुटला. सूरजबाईंनी ठरवलं, की पेंटरची दाढ दुखतेय. त्यांनी त्याला मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि दोनदा स्वतः पाणी कोमट करून पाठवलं. इसाकने इमानदारीत गुळण्या केल्या.

चेलना पिवळी साडी नेसून, हातात तांब्याचा चंबू धरून उभी राहायची आणि खाली पितळी पातेल्यात धार सोडायची. चंबू रिकामा झाला की पुन्हा भरायचा. सुरुवातीच्या दिवसांत चित्रापेक्षा फरशीच जास्त भिजली. तिला हसू यायचं, खांदा खाजायचा, साडीत खोचलेला फोन थरथरायचा.

"चाचा, दोन मिनिटं. आयुषीचा मेसेज आहे."

"बेटी, मी तुझा हात काढतोय. दोन मिनिटांनी आलीस की हात वेगळाच असतो."

"मग मेलेल्या माणसांचीच काढा ना चित्रं!"

"तीच काढतो. ती कुरकुर करत नाहीत, आणि त्यांचे घरवाले म्हणतात, हुबेहूब."

एकदा ती चंबू तसाच धरून म्हणाली, "चाचा, खरं सांगू? मला अजून आइस्क्रीम खावंसं वाटतं. महासतीजींना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, वाटू दे, पळू नकोस, वाटतंय ते बघ."

इसाकने हे जाताना दिपमालाला सांगितलं. ती त्या एका वाक्यावर आठवडा जगली. आइस्क्रीम! म्हणजे पोरगी अजून इथेच आहे. ती स्वयंपाकघराच्या जाळीतून खोलीकडे पाहत बसायची. तिचं लक्ष चित्राकडे नव्हतं, धारेकडे होतं. धार तुटली, थेंब उडाले, चेलनाने "शी!" म्हटलं, की हिला जरा सुटल्यासारखं वाटायचं. हात थरथरतोय म्हणजे मन थरथरतंय, असं तिचं साधं गणित. ती मनात म्हणायची, सांड, बाळा. अजून सांड.

बाहेर गावात चेलनाचे लाड चालले होते. दीक्षार्थी मुलीला घरोघर जेवायला बोलवतात, नवरीसारखी सजवतात, ओटी भरतात. रोज कुणीतरी येऊन दिपमालाला म्हणायचं, "धन्य तुझी कूस." ती म्हणायची, "आपला आशीर्वाद." निर्मलकुमार दर रविवारी चित्राला बोट लावून बघायचा आणि बोट धोतराला पुसता पुसता चिडायचा. "अरे इसाक, मिलमध्ये आमची तुरीची डाळ दोन दिवसांत वाळते. हे काय आहे?"

"शेठ, मोठं काम आहे. त्या युरोपवाल्याला वर्षं लागली असतील."

"त्याला थंडी होती!"

इसाकने हात तीनदा पुसून पुन्हा काढला. पिवळा रंग मुंबईहून यायचाय म्हणाला. लगामाची कडी चुकली म्हणाला. या सगळ्या थापा त्याने इतक्या सचोटीने मारल्या, की चित्र दिवसेंदिवस सुधारत गेलं. काळोख खोल झाला. वाफ खरी वाटू लागली. त्याने आजवर केलेल्या कामातलं ते सर्वांत चांगलं काम होतं आणि ते संपवायची त्याला मनाई होती.

मग वैशाखात कधीतरी दिपमालाच्या लक्षात आलं, की फरशी कोरडी आहे.

चेलना उभी होती. चंबूतून धार पडत होती, दोऱ्यासारखी, एकसारखी. कूलर बंद पडला होता, लाइट गेली होती, इसाकच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. चेलनाच्या वरच्या ओठावर घामाचा थेंब आला, नाकाशी रेंगाळला, ओघळला. ती हलली नाही. फोन कुठे आहे म्हणून दिपमालाने पाहिलं. तो हॉलमध्ये टीव्हीजवळ पडला होता, चार्जिंग संपलेला.

"कंटाळा येत नाही का गं?" जेवताना तिने विचारलं.

"नाही मम्मी. आता मी तिथं उभं राहणं म्हणजे सामायिकच धरते, ध्यानाची बैठक. पाऊण तास, मग आणखी एक. आधी हाताकडे लक्ष जायचं. आता जात नाही."

दुसऱ्या दिवशी दिपमालाने तांब्याचा चंबू काढून जुन्या सामानातली पितळी घागर ठेवली. "चित्रात उठून दिसेल," ती म्हणाली. घागर भरली की अंगणापर्यंत नेताना तिचाच दम निघायचा. चेलनाने ती कमरेशी टेकवली, उचलली, पाय जरा फाकवले आणि धार सोडली. पहिल्या दिवशी तुटली. दिपमालाने जाळीमागे डोळे मिटून घेतले. दुसऱ्या खेपेला कमी तुटली. तिसऱ्या खेपेनंतर तुटलीच नाही. मनगटाच्या शिरा टरारून आल्या होत्या आणि चेहरा मात्र असा, की जणू घागर दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

इसाकने ब्रश खाली ठेवला. जाताना दारात तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, रंग मी ओला ठेवला. पण पोरगी घट्ट होत चाललीय. आपण तिला काय उभं केलं इथं, ते कळतंय ना तुम्हाला? दीक्षेआधी कुणाला इतका सराव मिळत नसेल."

"आता थोडेच दिवस राहिलेत. आषाढ लागेपर्यंत ओढा."

"ओढतो. पण मला भीती वाटतेय."

भीती दुसऱ्याच बाजूने आली. मृगाच्या तोंडावर हवा कोंदली आणि संध्याकाळी दिव्यांभोवती बारीक पाखरं जमू लागली. एका सकाळी सूरजबाई चित्र पाहायला गेल्या. नातीच्या गालावर, गळ्यावर, पिवळ्या पदरावर त्यांना बारीक काळे ठिपके दिसले. त्यांना वाटलं, पेंटरने तीळ काढलेत. त्यांनी चष्मा लावला. त्यातला एक ठिपका हलला.

सूरजबाईंची किंकाळी मिलपर्यंत गेली नाही, एवढंच. घर धावत आलं. म्हातारी आपली लोकरीची पूंजणी, जीवजंतू अलगद बाजूला करायची, ती घेऊन चेलनाच्या रंगवलेल्या गालावरून एकेक चिलट सोडवू पाहत होती. पंख रंगात रुतलेले. पूंजणी पिवळी झाली, गाल फरफटला. म्हातारी खरोखर रडत होती. "किती जीव गेले गं... आपल्या घरात... चाळीस वर्षं मी पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, आणि हॉलशेजारी हे!"

दिपमाला दारात उभी होती. तिने एकच पाप समोर धरलं होतं आणि ते चुकवायला एका माणसाला आडवं उभं केलं होतं. पाखरांचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या घरात तिने महिना-दोन महिने माणसाएवढा एक सापळा उघडा ठेवला होता, आणि त्यावर मुलीचा चेहरा होता.

"वाळवा हे," सूरजबाई म्हणाल्या. "आजच्या आज. ह्यात आता तेलाचा थेंब पडला तर मी अन्न सोडेन." त्यांनी त्या दिवशी उपास केला. दिपमालानेही केला. कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, सासूच्या सोबतीला.

इसाकने लवंगेचा थर पुसून काढला, गाल पुन्हा बांधला, भरभर वाळणारं मिश्रण घातलं. निर्मलकुमारने चित्र मलमलीचं कापड टाकून गच्चीवर नेलं. तिथे पापड वाळत होते. जे काम इतके दिवस अडवून ठेवलं होतं, ते जळगावच्या उन्हाने हातोहात उरकायला घेतलं.

तिसऱ्या संध्याकाळी सूर्यास्ताला अजून वेळ होता. चेलना पापड गोळा करायला वर आली, मागोमाग दिपमाला. दोघी चित्राच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्या. दिपमालाने मलमल थोडी वर करून बोट टेकवलं. बोटाला काही लागलं नाही.

"नको जाऊ," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी बाहेर पडलेलं ते वाक्य एवढंसंच होतं. आभाळ कोसळलं नाही, कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. खाली रस्त्यावर केळीवाला ओरडत चालला होता.

चेलनाने हातातला पापड परत कापडावर ठेवला. "मम्मी, लवंगेचं मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. चाचांना खोटं बोलता येत नाही, त्यांचे कान लाल होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मी थांबले होते. तू तोंडाने म्हणशील म्हणून. रोज वाटायचं, आज चहा घेऊन आलीस की म्हणशील. चैत्रात म्हणाली असतीस ना, मम्मी..." ती थांबली. "मला तेव्हा खूप भीती वाटत होती. मी राहिले असते."

"आत्ता म्हणतेय की."

"हो."

"मग राहा."

चेलनाने आईचा हात हातात घेतला. तिच्या तळव्याला घागरीच्या काठाचे घट्टे पडले होते. "आता भीती नाही वाटत गं," ती म्हणाली. "मी काय करू?"

दिपमाला त्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "आइस्क्रीम?" तिने विचारलं. विचारताना तिलाच ते किती पोरकट आहे हे कळत होतं, पण तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"वाटतं अजून," चेलना म्हणाली. "बघते, आणि मग जातं."

खालून सूरजबाईंनी हाक मारली, की ऊन गेलं, पापड आणा.

चातुर्मासाच्या आधीचा शेवटचा मुहूर्त धरून दीक्षा झाली. मंडप मोठा होता. आज्ञेची वेळ आली तेव्हा महासतीजींनी पुन्हा एकदा, माइक बाजूला करून विचारलं, "बाई?" दिपमालाने मुलीकडे पाहिलं. मुलगी हलली नाही. दिपमालाने आज्ञा दिली. निवेदकाने तिच्यापुढे 'सहर्ष' लावलं. चेलनाचे केस उतरले, तिला नवं नाव मिळालं, आणि लोकांनी जयजयकार केला. त्यात इसाक मागच्या खुर्च्यांत बसला होता. निर्मलकुमारने त्याचाही शाल देऊन सत्कार केला आणि माइकवरून सांगितलं, की वेळ लागला, पण काम झकास. चित्र हॉलमध्ये लागलं आहे. येणारी माणसं वाफेचं कौतुक करतात.

साध्वी पायी धुळ्याला गेल्या, देवपूरच्या स्थानकात चातुर्मासाला. पहिल्या रविवारी दिपमाला एसटीने गेली. देवपूरच्या बायकांनी वीरमाता आल्या म्हणून वाट करून दिली आणि तिला पुढे नेलं. समोर ओळीने साध्वी बसल्या होत्या. पांढरी वस्त्रं, उतरलेले केस, डोळ्यांखाली सगळीकडे मुहपत्ती. दिपमाला त्यांच्यातल्या एकीपुढे वाकली, तीनदा वंदन केलं, सुखसाता, म्हणजे खुशाली, विचारली आणि बराच वेळ तिच्या पायांकडे पाहत राहिली.

त्या साध्वी राजनांदगावच्या होत्या, दुसऱ्याच कुणा आईच्या.